‘कितवा’ला इंग्रजी नाही

सहावीतली भाची वही घेऊन समोर बसली होती. शाळेनं दिलेली दहा मराठी वाक्यं इंग्रजीत करायची होती. चार झाली आणि पाचव्याला पेन्सिल थांबली. वाक्य होतं, ‘वर्गात तुझा कितवा नंबर आला?’ तिनं ‘हाऊ मच’ लिहिलं, खोडलं. ‘हाऊ मेनी’ लिहिलं, तेही खोडलं. मग मान वर करून म्हणाली, ‘‘मावशी, कितवाला इंग्रजीत काय म्हणतात?’’

‘‘काहीच म्हणत नाहीत,’’ मी म्हणाले.

‘‘मग त्यांच्यात नंबर येत नाहीत का?’’

येतात. फर्स्ट येतो, सेकंड येतो, हवा तर शंभरावाही येतो. उत्तरं सगळी आहेत, विचारायला शब्द नाही. ज्या भाषेच्या नावानं आपण घराघरात मुलांना धाक घालतो, त्या भाषेत आपल्या दुसरीतल्या पोराच्या तोंडचा एक साधा शब्द नाही. हे मुलांना आधी सांगायला हवं. ते न सांगता वाक्य फळ्यावर लिहायचं आणि चुकलं की तांबडी रेघ ओढायची, हा मुलांवर अन्याय आहे.

इंग्रज माणूस मग विचारतो कसं? तो वळसा घालतो. वर्गात तू कुठे आलीस, असं विचारतो: ‘व्हेअर डिड यू कम इन क्लास?’ नाहीतर तुझी रँक काय, असं विचारतो. ‘हा सिनेमा तू कितव्यांदा बघतोयस?’ हा प्रश्न त्याला ‘किती वेळा पाहिलास?’ असा फिरवून घ्यावा लागतो. ‘द्रौपदी मुर्मू भारताच्या कितव्या राष्ट्रपती?’ याचं उत्तर ‘द फिफ्टीन्थ’ असं दोन शब्दांत देता येतं. प्रश्न मात्र सरळ विचारता येत नाही. ‘व्हॉट नंबर प्रेसिडेंट’ असं काहीतरी जोडकाम करावं लागतं आणि ते कानाला खडबडीतच लागतं.

ही उणीव सगळ्या युरोपची नाही. जर्मनमध्ये ‘कितवा’ आहे आणि आजची तारीखसुद्धा तिथे त्याच शब्दानं विचारतात, म्हणजे ‘आज कितवी?’ असं. आपल्याकडे मल्याळममध्येही असा शब्द आहे. इंग्रजीत नाही, एवढंच. त्यामुळे तिथे भाषांतर करायचंच नसतं, वाक्य नव्यानं बांधायचं असतं. ज्या मुलीनं दोनदा लिहून दोनदा खोडलं, तिला जागा नेमकी कळली होती. तिच्या पुस्तकाला ती कळली नव्हती.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तेव्हापासून वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लागलेला असतो. वन, टू, थ्री आणि त्यासमोर फर्स्ट, सेकंड, थर्ड. मुलं तो घोकतात. घोकायलाच हवा, कारण त्यात खाचखळगे आहेत. फाइव्हचा ‘व्ही’ जाऊन फिफ्थमध्ये ‘एफ’ येतो, ट्वेल्व्हचंही तसंच. नाइन्थमधला ‘ई’ गळतो. एटला नुसता ‘एच’ लागतो. आकड्यापुढची अक्षरं शेवटच्या शब्दावरून ठरतात, म्हणून एकविसाला एसटी, बाविसाला एनडी, तेविसाला आरडी. अकरा, बारा, तेरा मात्र टीएचच घेतात. लग्नपत्रिकांवर ‘२२ टीएच’ छापलेलं दिसतं तेव्हा मला वाईट वाटतं, पण ती चूक पाच मिनिटांत सुधारते.

न सुधारणारी चूक वेगळी आहे. तक्त्यावर शब्द असतो, वाक्य नसतं. आणि क्रमवाचक शब्दाचं सगळं गणित वाक्यात तो कुठे बसतो यावर आहे.

त्याआधी एक गोष्ट. चिमुरडी मुलं सुरुवातीला ‘वन्थ, टूथ’ असं काहीतरी म्हणतात आणि मोठे हसतात. हसू नये. मूल नियम लावतंय, भाषेनंच नियम मोडलाय. फर्स्टचा वनशी काही संबंध नाही. त्याचा मूळ अर्थ सगळ्यांत पुढचा. आपल्या पहिल्याचा तरी एकाशी कुठे संबंध आहे? जुन्या इंग्रजीत दुसऱ्याला ‘अदर’ म्हणत, म्हणजे आपला ‘दुसरा’च: क्रमानं दुसरा आणि परका, दोन्ही. दिवसाआड या अर्थी ‘एव्हरी अदर डे’ म्हणतात, त्यात तो जुना अदर अजून जिवंत आहे. सेकंड नंतर फ्रेंचमधून आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मागून येणारा. तासाचे पहिल्यांदा बारीक भाग केले ती मिनिटं झाली, त्यांचे दुसऱ्यांदा बारीक भाग केले म्हणून ते ‘दुसरे’, म्हणजे सेकंद. ‘एक सेकंद थांब’ म्हणताना आपण रोज लॅटिनमधला दुसरा उच्चारतो.

आपणही उसनवारी केली आहे. तहसील कचेरीतला अव्वल कारकून अरबीतून पहिला आहे आणि दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधक फारसीतून दुसरा. उलट दिशेनं, पाकिस्तानी फिरकी गोलंदाज सकलैन मुश्ताकच्या हातून बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या चेंडूमुळे ‘दुसरा’ हा हिंदी-उर्दूतला शब्द इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला. देणंघेणं दोन्ही बाजूंनी चालू आहे. मग शिकवताना मराठी वर्गाबाहेर का ठेवायची?

आता जागेचं. इंग्रजीत क्रमवाचक शब्द नामाच्या आधी आला की त्याच्याआधी बहुधा ‘द’ येतो: द सेकंड वर्ल्ड वॉर, द थर्ड चॅप्टर. आकडा नामाच्या मागे गेला की ‘द’ जातो आणि साधी संख्या येते: वर्ल्ड वॉर टू, चॅप्टर थ्री. दोन्ही वाटा बरोबर आहेत. आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि ‘वर्ल्ड वॉर सेकंड’, ‘चॅप्टर थर्ड’ अशी तिसरीच वाट काढतो. ती इंग्रजीत नाही. शाळांच्या दारावर तर रोमन दहाच्या खांद्यावर टीएच चढवलेलं असतं. स्टँडर्ड टेन लिहा, नाहीतर टेन्थ स्टँडर्ड लिहा. मुलं त्या दारातून वर्षभर ये-जा करतात, पाटी चुकीची असेल तर ती चूक वर्षभर वाचतात.

राजेरजवाड्यांची रीत निराळी. नाव आधी, क्रम नंतर, आणि मध्ये ‘द’ जो लिहीत नाहीत पण बोलतात. २०२२ मध्ये गादीवर आलेले राजे लिहिताना चार्ल्स आणि रोमन तीन, वाचताना चार्ल्स द थर्ड. आपल्या दुसऱ्या बाजीरावाबद्दल इंग्रजीत बोलताना ‘बाजीराव सेकंड’ ऐकू येतं. ‘बाजीराव द सेकंड’ म्हणा. पानिपतची तिसरी लढाई, १७६१ सालची, इंग्रजीत ‘द थर्ड बॅटल ऑफ पानिपत’ होते; ‘पानिपत थर्ड बॅटल’ होत नाही. इतिहासाच्या इंग्रजी पेपरात हे वाक्य लिहिणारी हजारो मराठी मुलं आहेत, त्यांना तो ‘द’ कुणीतरी हातात द्यायला हवा.

‘द’ची सवय आपल्याला नाही, कारण मराठीत क्रमवाचक शब्द एकटाच पुरेसं बोट दाखवतो. तिसरी लढाई म्हटलं की कुठली ते कळलं. पण इंग्रजीत याहूनही बारीक एक फरक आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. ‘द’ऐवजी ‘अ’ आला की अर्थ बदलतो. डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या माणसाला आपण म्हणतो, सेकंड ओपिनियन घ्या. इंग्रजीत ते ‘अ सेकंड ओपिनियन’ आहे, म्हणजे आणखी एक मत, कुणाचंही. ‘द सेकंड ओपिनियन’ म्हटलं तर ते ठरावीक दुसरं मत झालं, जे घेऊन झालंय. ‘अ थर्ड कप ऑफ टी’ म्हणजे आणखी एक चहा, दोन झाल्यावरचा. ‘द थर्ड कप’ म्हणजे तीन कप समोर असताना त्यांतला तिसरा. एवढ्याशा ‘अ’मध्ये ‘आणखी’ मावलेलं आहे. हे तक्त्यावर लिहिता येत नाही, बोलूनच शिकवावं लागतं.

‘आय ॲम सीइंग इट फॉर द फर्स्ट टाइम’ बरोबर आहे. ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय ॲम सीइंग इट’ म्हटलं की मात्र बिघडतं. मराठीत ‘मी हे पहिल्यांदाच बघतोय’ असतं, बघणं चालू आहे, म्हणून आपण चालू काळ उचलतो. इंग्रजीत ‘धिस इज द फर्स्ट टाइम’ म्हटलं की आतापर्यंतचा हिशेब मांडला जातो: आजवर किती वेळा झालं, तर एकदा. हिशेब आला की ‘हॅव सीन’ येतं. हे कारण सांगितलं की मूल विसरत नाही. नियम नुसता सांगितला तर परीक्षेनंतर विसरतं.

दुकानाच्या पाट्यांवर ‘फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह’ लिहिलेलं असतं. ‘सर्व्ह’चा अर्थ वाढणं. म्हणजे जो आधी येईल त्यानं आधी वाढायला घ्यावं असं झालं. तिथे ‘सर्व्ड’ हवं, आधी येईल त्याला आधी मिळेल. शेजारी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असं मराठी असतं आणि ते निर्दोष असतं. पाटी रंगवणाऱ्याला ते समोर दिसत असतं.

आता तारखा. आपण ‘फिफ्टीन ऑगस्ट’, ‘ट्वेंटी सिक्स जानेवारी’ म्हणतो, कारण मराठीत पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी म्हणतो. ब्रिटिश माणूस ‘द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट’ म्हणतो, अमेरिकी ‘ऑगस्ट फिफ्टीन्थ’. तो अमेरिकी आपल्या स्वातंत्र्यदिनाला मात्र ब्रिटिशांसारखं ‘द फोर्थ ऑफ जुलै’ म्हणतो. तारखेला हा क्रम का? कारण मध्ये ‘दिवस’ हा शब्द गिळलेला आहे. ऑगस्टचा पंधरावा दिवस. दिवस गळाला, पंधरावा उरला.

हे मुलांना परकं वाटतं, आणि शिकवणाऱ्यांनाही वाटतं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. आपलं अख्खं पंचांग याच रीतीनं बोलतं! चतुर्थी म्हणजे चौथी. कोण चौथी? तिथी. तिथी स्त्रीलिंगी म्हणून चतुर्थी, पंचमी, अष्टमी, दशमी. आषाढातली एकादशी म्हणजे अकरावी. पाडवा म्हणजे प्रतिपदा, पहिली. भाऊबिजेतली बीज म्हणजे द्वितीया, दुसरी. शब्द झिजले, क्रम टिकला. संकष्टीला उपास करणाऱ्या आजीला इंग्रजी तारखेचं व्याकरण शिकवायची गरज नाही, तिच्या तोंडी ते आहे. ‘मी पाचवीत आहे’ म्हणणाऱ्या मुलालाही नाही: इयत्ता गळली, पाचवी उरली. इंग्रजीच्या तासाला शिक्षकानं एवढंच विचारावं, ‘गणेश चतुर्थीतली चतुर्थी म्हणजे काय?’ अर्धा धडा तिथेच होतो.

उरलेला अर्धा अपूर्णांकांचा. इंग्रजीत अर्धा आणि पाव सोडले तर सगळे हिस्से क्रमवाचक शब्दांवर चालतात. अ थर्ड म्हणजे तिसरा हिस्सा, अ फिफ्थ म्हणजे पाचवा हिस्सा. इथेही नाम गळालेलं आहे आणि इथेही मराठीकडे याहून जुनं, याहून भारदस्त उदाहरण आहे. चौथ! मराठे मोगली सुभ्यांतून जो वसुलाचा चौथा हिस्सा घेत, ज्याच्या सनदा बाळाजी विश्वनाथानं १७१९ मध्ये दिल्लीहून आणल्या, ती चौथ. चौथा हिस्सा, हिस्सा गळाला, चौथ उरली. अमेरिकी माणूस पावाला ‘अ फोर्थ’ म्हणतो, तो हाच शब्द. आपल्या घोडेस्वारांनी जे व्याकरण सुभ्यासुभ्यांत नेलं ते आपल्या मुलांना इंग्रजीत अवघड का जावं?

अवघड जातं, कारण ते तसं कुणी सांगत नाही. परिणाम वर्तमानपत्रांत दिसतो. भारतातल्या इंग्रजी बातम्यांत ‘टू-थर्ड मेजॉरिटी’ वारंवार छापून येतं. घटनेच्या ३६८व्या कलमाखाली दुरुस्तीला एकूण सदस्यांचं बहुमत लागतं आणि शिवाय उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश लागतात. इंग्रजीत ते ‘टू-थर्ड्स’. तिसरे हिस्से दोन आहेत, म्हणून शेवटी ‘एस’ हवा, जसं एक तुकडा आणि दोन तुकडे. ‘थ्री-फोर्थ’ नाही, ‘थ्री-फोर्थ्स’. मराठी ‘तृतीयांश’ अनेकवचनात बदलत नाही, तिथून ही चूक येते. घटनेच्या मजकुरात ‘एस’ आहे. तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी तो गाळू नये.

भाऊबंद अमेरिकेत असलेल्यांसाठी एक सूचना. तिथे ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे तळमजला. आपण ब्रिटिशांसारखं तळमजला सोडून मोजतो, ते जमिनीपासून मोजतात. लेकाकडे पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांना निघण्याआधी हे सांगून ठेवा. सामान घेऊन उगाच एक जिना चढावा लागू नये.

इथवर मराठीनं इंग्रजीला काय शिकवावं ते झालं. इंग्रजीनं मराठीचं काय केलं तेही बोललं पाहिजे, आणि इथे माझा राग आहे. इंग्रजीत ‘द सेकंड लार्जेस्ट’ ही सहज रचना आहे. क्रम आणि तमभाव शेजारी बसतात आणि कुणाची हरकत नसते. मराठीत ती जशीच्या तशी उतरवली जाते आणि बातमी होते: ‘महाराष्ट्र हे लोकसंख्येनुसार देशातील दुसऱ्या क्रमांकाचे सर्वांत मोठे राज्य.’ सर्वांत मोठं असेल तर दुसरं कसं? आणि दुसरं असेल तर सर्वांत मोठं कसं? २०११च्या जनगणनेत उत्तर प्रदेश सुमारे २० कोटी, महाराष्ट्र ११ कोटी २३ लाख. ‘लोकसंख्येत महाराष्ट्राचा देशात दुसरा क्रमांक’, एवढं म्हटलं की झालं. हे वाक्य लहान आहे, खरं आहे आणि मराठी आहे.

दुसरी जखम क्रमवाचक शब्दावरच झाली आहे. आपल्या भाषेत पाचपासून अठरापर्यंत नुसता ‘वा’ लागतो, पाचवा, अठरावा. एकोणिसापासून पुढे आधी ‘आ’ येतो आणि मध्ये दीर्घ ई असेल तर ती ऱ्हस्व होते: एकोणिसावा, विसावा, पंचविसावा, पन्नासावा. आता कमानीवर ‘२५ वा वर्धापनदिन’ लिहितात आणि व्यासपीठावरून तो ‘पंचवीसवा’ म्हणून वाचतात. ‘पन्नासवा’ ऐकू येतो, ‘पंचाहत्तरवा’ ऐकू येतो. आकडा लिहिला की उच्चार झाकला जातो आणि झाकलेला उच्चार हळूहळू मरतो. तुमच्या मंडळाचं यंदा कितवं वर्ष असेल ते अक्षरांत लिहा. पंचाहत्तरावं असेल तर पंचाहत्तरावं. रंग थोडा जास्त लागेल.

भाचीनं शेवटी पाचवं वाक्य लिहिलं, ‘व्हेअर डिड यू कम इन क्लास?’ आणि आपलं आपणच उत्तरही लिहिलं, ‘आय केम फोर्थ.’ मध्ये ‘द’ घातला नाही. तिथे तो लागत नाही, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. वही परत आली तेव्हा त्या वाक्यावर तांबडी रेघ होती, कारण प्रश्नात ‘नंबर’ हा शब्द आला नव्हता.

मराठी शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘कितवा’ला शब्द सापडला नाही म्हणून कुणाचा मार्क कापला असेल, तर तो परत द्या.